सेवा चालते, तर आसन का नको?

कुवेत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेलाच्या विहिरी येतात. पण तेथे तेल सापडले १९३८ साली. त्याआधी, १९१२ साली, मोत्यांवर पोट भरणाऱ्या त्या गावी एलिनॉर कॅल्व्हर्ली या अमेरिकन डॉक्टरीणबाई येऊन राहिल्या. परपुरुषाकडून तपासून घ्यायचे नाही, असा तेथील बायकांचा रिवाज. तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला या बाईंचाच आधार. कुवेतमधल्या त्या पहिल्या स्त्री डॉक्टर होत.

त्यांचे मिशन अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चचे होते. बाईंचे पती एडविन हे पाळक होते. बाईंना मात्र त्या चर्चमध्ये पाळक होता आले नसते. स्त्रियांना ते पद खुले झाले १९७९ साली. कुवेतमधले मिशनचे रुग्णालय त्याआधीच, १९६७ साली, बंद झाले होते.

वाद आहे तो बायबलच्या अर्थाचा. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने पुरुषाला शिकवू नये असे आहे. एक पक्ष त्यावर बोट ठेवतो. दुसरा पक्ष म्हणतो, तो उपदेश त्या वेळच्या एका मंडळीपुरता होता. त्याच पौलाने ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद उरत नाही असे गलतीकरांना लिहिले आणि रोमकरांना लिहिताना फिबीचा गौरव केला. जुन्या करारातली दबोरा तर इस्राएलाचा न्यायनिवाडा करीत असे. ग्रंथ एकच, बोट ठेवण्याची जागा निराळी!

या वादाची झळ एका मराठी विदुषीलाही लागली. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. तेथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे अशी सूचना १८८५च्या सुमारास निघाली, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना नवल वाटले. कारण त्यांच्या वडिलांनी वा पतीने अशी हरकत कधी घेतली नव्हती. पुढे याच बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले.

परधर्मातले भांडण म्हणून आपण हे हसून सोडून देऊ नये. चतुर्थीला पहाटे उठून मोदक कोण करते? बैठकेत मुलांना आरती कोण शिकवते? आपल्याच आया-बहिणी. पण पूजा सांगायची वा मंडळाचे अध्यक्षपद द्यायचे म्हटले की कोणीतरी हळूच म्हणतो, ‘आपल्यात तशी प्रथा नाही.’ प्रथा आजोबांच्या गलबतातून आली हे खरे. पण त्याच गलबतातून आजीही आली होती. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकविले. त्या आज लग्ने लावतात, मुंजी लावतात. धर्म काही बुडाला नाही.

आम्ही कोणाला आसनावरून उठवा म्हणत नाही. येत्या चतुर्थीपूर्वी प्रत्येक मंडळाने एवढेच करावे: जिला पूजा येते तिला ती सांगू द्यावी, जिला शिकायची आहे तिला शिकवावी. आपल्या मुली परीक्षेत पहिल्या येतात, बँकेत व इस्पितळात अधिकाराच्या जागा सांभाळतात. देवापुढेच त्यांना मागे बसविले, तर उद्या त्या तेथे येणारच नाहीत. मग आरती म्हणायला कोण उरेल, याचा विचार आजच व्हावा.