हयातीचा दाखला

परवा संकेतस्थळाला नवी थीम चढवली आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो. काही आठवड्यांनी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (२०१५ पर्यंत ह्यालाच वेबमास्टर टूल्स म्हणत) डोकावलो, तर तुमची मालकी सिद्ध होत नाही म्हणे! घर माझं, आणि दारात मीच परका..

कारण साधंच होतं. मालकीची खूण असलेला मेटा टॅग मी जुन्या थीमच्या हेडरमध्ये चिकटवला होता. थीम गेली, तिच्याबरोबर टॅगही गेला. गूगल ही खूण अधूनमधून तपासत असतं. ती सापडली नाही तर काही काळ थांबतं आणि मग मालकी काढून घेतं. शोधातलं स्थान त्याने हलत नाही, फक्त आपल्याला अहवाल दिसत नाहीत. टॅग पुन्हा लावला, पडताळणीच्या बटणावर टिचकी मारली, आणि जुन्या आकड्यांसकट सगळं परत आलं.

आधी चिडचिड झाली. मग बाबा आठवले. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाताना ते कुरकुरायचे, "अरे, जिवंत आहे म्हणूनच आलोय ना!" तेव्हा मीही त्यांच्याच बाजूचा होतो. आता नाही.

कारण ह्या निमित्ताने मालकांची यादी उघडली, तर तिथे एका जुन्या मित्राचं नाव. अनेक वर्षांपूर्वी त्याने मदत केली होती, त्याची एचटीएमएल फाईल अजून सर्व्हरवर पडून होती. म्हणजे मी मालक नव्हतो, पण तो होता! पानं शोधातून तात्पुरती लपवायचा अधिकारही त्याच्याकडे होता. फोन केला तर हसत सुटला, तोही विसरला होता. नुसतं नाव काढून भागत नाही, फाईलही काढावी लागते, नाहीतर पुन्हा पडताळणी करता येते. ती काढली.

एकदा मिळालेला हक्क कायमचा, हे आपण उगाच धरून चालतो. कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारतं, हे बरंच आहे.

आता खूण डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत ठेवली आहे, थीम कितीही बदला. आणि लेकीला दुसरी मालक केलं. बाबांची पत्रं ह्याच जागेवर टंकून ठेवली आहेत, माझ्यानंतर ती कोणीतरी सांभाळायला हवीत.

असो. तुमच्या यादीत कोणाकोणाची नावं आहेत, एकदा बघाच.