दोनदा उघडलेली वही

दीपावलीच्या वहीपूजनात आता लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लागते. पूजा दोहोंची सारखीच. पण चोपडीत एक गुण असा होता की, त्याची दखल कोणी घेतली नाही. रोजमेळ मुनीमजींच्या मांडीवर असला की तो अन्य कोणाच्या हाती असूच शकत नसे. पेढीवर माणसे कितीही असोत, लिहिणारा हात एका वेळी एकच. हा कोणी केलेला नियम नव्हता. वही एकच होती, इतकेच.

संगणकावर हे बंधन आपोआप येत नाही. बिलांचा प्रोग्रॅम उघडण्यास वेळ लागतो, गिऱ्हाईक ताटकळते, आणि गल्ल्यावरचा पुतण्या चिन्हावर पुन्हा क्लिक करतो. पहिली खिडकी दुसरीच्या मागे झाकली जाते व एकाच वहीच्या दोन प्रती चालू राहतात. शेवटचे बिल ४१८ असल्याचे दोन्ही प्रती वाचतात आणि दोन्ही पुढचे बिल ४१९ म्हणून फाडतात. कधी मागाहून जतन होणारी प्रत आधीची नोंद पुसून टाकते आणि एखादी उधारी खात्यातून नाहीशी होते. वस्तू व सेवा कराच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. ज्यांची उलाढाल ५ कोटींहून अधिक आहे, त्यांना ई-इनव्हॉइसचे पोर्टल दुसरे ४१९ नाकारून लगेच सावध करते. लहान दुकानदारास मात्र घोटाळा बहुधा विवरणपत्राच्या वेळी उमगतो. तोवर एकाच क्रमांकाची बिले दोन गिऱ्हाइकांच्या फायलींत जाऊन बसलेली असतात.

म्हणून जबाबदारीने लिहिलेला प्रोग्रॅम उघडताच विंडोजकडे ठरावीक नावाचे कुलूप मागतो. त्यास म्यूटेक्स म्हणतात. ते आधीच कोणी घेतलेले असेल, तर नवी प्रत जुनी खिडकी पुढे आणते व स्वतः बंद होते. येथे एक बारकावा आहे. कुलूप मोकळे आहे का हे पाहणे आणि ते घेणे, ही दोन निराळी कामे ठेवून चालत नाही. कारण दोन प्रतींनी एकदमच पाहिले तर दोघींनाही ते मोकळे दिसेल. जैन दर्शनात काळाच्या अविभाज्य अंशास ‘समय’ म्हणतात. पाहणे आणि घेणे जणू एकाच समयात व्हावे लागते. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली या प्रश्नाची मांडणी व उकल प्रसिद्ध केली.

काही प्रोग्रॅम निराळी युक्ती वापरतात. ते माहितीच्या शेजारी एक छोटी लॉक फाईल निर्माण करतात आणि बंद होताना ती पुसतात. वर्डही ज्याने दस्तऐवज उघडला त्याचे नाव अशाच एका लपलेल्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. अडचण येते ती वीज गेल्यावर. प्रोग्रॅम मरतो, पण फाईल मागे राहते, आणि दुसऱ्या सकाळी ‘आधीच चालू आहे’ असा संदेश येतो. “शेठ, ती लॉक फाईल उडवून टाका, चालू होईल,” असे संगणकवाला फोनवर सांगतो. आणि खरोखरच चालू होते! पण महिनाभराने तोच संदेश आला, तेव्हा आतल्या खोलीत थोरले बंधू खरोखरच नोंदी करीत असतील, तर? अंगवळणी पडलेल्या हाताने ती फाईल उडवली जाते आणि वही पुन्हा दोन हातांत जाते. म्यूटेक्सचे तसे नाही. प्रोग्रॅम कसाही संपो, विंडोज ते कुलूप स्वतःच सोडवते.

असा संदेश आल्यास प्रथम कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रोग्रॅमचे नाव यादीत आहे का ते पाहावे. माहिती सामायिक असल्यास दुकानातील प्रत्येक संगणकावर, गोदामातल्यावरही, हेच पाहावे. कारण म्यूटेक्सची सत्ता एका संगणकापुरतीच असते. दोन गल्ल्यांवर एकाच वेळी बिले फाडावयाची असतील, तर अनेकांनी एकत्र वापरण्याची आवृत्तीच घ्यावी लागते. तीत बिलाचा क्रमांक एकाच जागेवरून दिला जातो.