रत्नागिरी की कोल्हापूर? निवृत्तीच्या घराचा हिशेब

नोकरीची वर्षे मुंबई, बडोदे, इंदूर किंवा बंगळुरू येथे काढलेल्या अनेक मराठी कुटुंबांपुढे निवृत्तीच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो. घर कोकणात, समुद्राजवळ घ्यावे, की घाट चढून देशावरच्या एखाद्या शहरात? भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. ती चुकीच्या जागी गुंतली तर दुरुस्तीची दुसरी संधी बहुधा मिळत नाही. म्हणूनच ही निवड केवळ आवडीची राहत नाही. रत्नागिरी आणि कोल्हापूर या दोन शहरांच्या उदाहरणातून ती नीट तपासता येते. दोहोंमध्ये आंबा घाटमार्गे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर आहे. मात्र दोहोंचे हवामान, पाणी आणि धोके पूर्णतः वेगळे आहेत.

प्रथम समुद्राचा विचार करू. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील देशाच्या मुख्य भूमीच्या किनारपट्टीचा अभ्यास केला. त्यानुसार सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होत आहे. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास, केरळमध्ये ४६ टक्क्यांच्या आसपास, तर महाराष्ट्रात सुमारे एक चतुर्थांश आहे. म्हणजे महाराष्ट्राची स्थिती तुलनेने बरी असली तरी निश्चिंत राहण्यासारखी नाही. रत्नागिरीतील मिऱ्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे धूपप्रतिबंधक बंधारे बांधावे लागत आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी ‘बसरा स्टार’ हे जहाज याच किनाऱ्यावर येऊन रुतले होते. त्या वादळाने रायगड जिल्ह्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या आणि अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकले. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे.

एवढ्यावरून देशावरचे शहर सुरक्षित ठरते असे मानणे मात्र योग्य होणार नाही. समुद्रापासून दूर असलेल्या कोल्हापुराने ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला. पाणी उपसा केंद्रेच पुरात बुडाल्याने शहराला पुराच्या वेढ्यातही पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. त्याच जुलैमध्ये खाडीच्या मुखापासून बऱ्याच आत असलेले चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेले. त्याच वेळी समुद्राला लागून असलेल्या रत्नागिरी शहराचा जांभ्याच्या सड्यावर वसलेला मोठा भाग मात्र पुरापासून दूर राहिला.

या घटनांचा अर्थ स्पष्ट आहे. समुद्रापासूनचे अंतर हा धोक्याचा एकमेव मापदंड नाही. जमिनीची उंची, नदी-ओढ्याची वाट आणि पाण्याचा निचरा या गोष्टी तितक्याच, किंबहुना अधिक निर्णायक आहेत. सड्यावरील घर आणि खाडीकाठचे घर एकाच शहरात असूनही त्यांचे भवितव्य वेगळे असते. कोल्हापुरातील उंचावरची वसाहत आणि पंचगंगेच्या पूरक्षेत्रातील वसाहत यांच्याबाबतही तेच म्हणता येईल.

दुसरा निकष पाण्याचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात सुमारे एक हजार. तरीही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील अनेक वाड्यांना टँकरची प्रतीक्षा करावी लागते, कारण सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि तीव्र उतारावरून ते समुद्राला मिळते. कोल्हापुरास पावसाच्या तुलनेत धरणांचा आधार मोठा आहे. काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची बहुप्रतीक्षित योजना २०२३ च्या अखेरीस कार्यान्वित झाली. याचा अर्थ देशावर सर्वत्र पाणी आहे असाही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले ते लातूर देशाच्याच बाजूला आहे.

तिसरा निकष प्रकृतीचा. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, किनारपट्टीवर मात्र ही मर्यादा ३७ अंश आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि कमी तापमानही घातक ठरू शकते, हे त्यामागचे कारण. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा ४० अंशांच्या खालीच होता. वृद्धांनी, विशेषतः हृदयविकार असलेल्यांनी, या बाबीकडे दुर्लक्ष करू नये. उपचारांच्या सोयींतही फरक आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासह विशेषज्ञ सेवा दीर्घकाळ उपलब्ध आहेत. रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडे मिळाले असून गंभीर रुग्णांना आजही कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. आंबा घाट दरडींमुळे बंद पडला, जसा तो जुलै २०२१ मध्ये पडला होता, तर हे १३० किलोमीटर फार लांबचे ठरतात.

चौथा निकष घराच्या देखभालीचा. खाऱ्या वाऱ्याने सळया गंजतात आणि स्लॅबचे तुकडे सुटू लागतात. त्यामुळेच भारतीय मानक आयएस ४५६ नुसार किनारी वातावरणात उघड्या राहणाऱ्या बांधकामासाठी किमान एम ३० दर्जाचे काँक्रीट आणि सळयांवर ४५ मिलिमीटरचे आवरण अपेक्षित आहे. सौम्य वातावरणासाठी हे आकडे एम २० आणि २० मिलिमीटर आहेत. समुद्राकाठच्या घराची किंमत काढताना हा फरक धरावा लागतो.

कायद्याची चौकटही दोन्हीकडे वेगळी आहे. किनाऱ्यावर २०१९ ची किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना लागू होते. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. नदीकाठच्या शहरांत जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा महत्त्वाची. पहिली पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दर्शविते. हे नकाशे शासनाकडे आहेत. मात्र सामान्य खरेदीदाराने स्वतः मागितल्याशिवाय ते सहसा त्याच्यासमोर येत नाहीत. सदनिकेच्या जाहिरातीत समुद्राचे दृश्य असते, पूररेषा नसते. खरेदीखताच्या नोंदणीवेळी संबंधित भूखंडाची पूररेषा आणि किनारी क्षेत्राची वर्गवारी ठळकपणे नमूद करणे बंधनकारक केल्यास शासनाला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही आणि अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचेल.

या चर्चेत आणखी एका वर्गाचा विचार आवश्यक आहे, ज्याला निवडीची मुभाच नाही. ओडिशातील सातभाया येथील ५७१ कुटुंबांना समुद्राने गाव गिळल्यामुळे बागपतिया येथे हलविण्यात आले. केरळने ‘पुनर्गेहम्’ योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना स्थलांतरासाठी १० लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. पंधराव्या वित्त आयोगाने धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद सुचविली. तथापि मच्छीमाराचे घर किनाऱ्यापासून दूर नेले की त्याचा रोजगारही दूर जातो. रत्नागिरीच्या खारवी आणि दालदी वस्त्यांनाही उद्या हाच पेच पडू शकतो. भरपाईबरोबर होडी ठेवण्याची आणि जाळी वाळविण्याची जागा जपली गेली, तरच असे पुनर्वसन टिकेल.

ज्यांच्या हाती निवड आहे, त्यांनी शहराच्या नावावर निर्णय सोडू नये. भूखंडाची उंची, पूररेषा, मे महिन्यातील पाणी आणि भर पावसात रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची वाट, या चार गोष्टी आधी पडताळाव्यात. त्यासाठी एक मे महिना आणि एक जुलै त्याच गावात भाड्याने काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यानंतरही कोकण निवडावेसे वाटले, तर ती निवड डोळसपणे केलेली असेल. देश निवडला, तरी तेच म्हणता येईल.