दात तपासले, पण उपचाराचं काय? दिव्यांग विद्यार्थ्यांची चिठ्ठी घरातच पडून

बोलता न येणाऱ्या लेकराची दाढ ठणकते तेव्हा ते सांगू शकत नाही. ते जेवण सोडतं, गालावर मारून घेतं, रात्रभर रडतं. घरचे म्हणतात, आज लई चिडचिड करतंय. शाळेत म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. तोवर कीड आत पोचलेली असते.

या मुलांचे दात लवकर का खराब होतात? सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना ब्रश नीट धरता येत नाही, घास तोंडात साठून राहतो. फिट येऊ नये म्हणून दिलं जाणारं फेनिटॉइन औषध बरेच दिवस चाललं की काहींच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. (म्हणून औषध मनानं बंद करायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.) रोजचं गोड सिरप असेल तर कीड लवकर लागते. डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे आजार जास्त दिसतात.

तपासणी होते, पुढं गाडी अडते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी त्यात होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. योजना चांगली आहे, पण दोन ठिकाणी अडते.

पहिलं, तपासणी शाळेत होते. बरीच दिव्यांग मुलं पटावर असतात, वर्गात नसतात. पथक आलं त्या दिवशी पोरगं घरी असलं की वर्ष गेलं.

दुसरं, पथकात डॉक्टर असतात, पण दाताचा डॉक्टर नसतो. कीड दिसली की चिठ्ठी मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताची खुर्ची सहसा नसते, म्हणून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. तिथं मशीनच्या आवाजाला घाबरून पोरगं तोंडच उघडत नाही. मग पूर्ण भूल देऊन काम करावं लागतं, म्हणजे भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर हवं. तिथून जिल्ह्याला, नाहीतर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण आईबापाची बुडालेली मजुरी कोण देणार? सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर ती चिठ्ठी फळीवरच राहते.

हक्क काय आहे?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २५. त्यात ग्रामीण भागात जवळपास मोफत आरोग्यसेवा (उत्पन्नाच्या अटीनुसार) आणि उपचारात प्राधान्य, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे अशा लेकराला रांगेत तासन् तास बसवायचं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर 'निरामय' विमा आहे, मर्यादा १ लाख रुपये. त्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून दवाखान्याच्या गाडीभाड्याला मदत होईल का, हे येत्या ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

घरी काय करायचं?

ब्रशची दांडी धरता येत नसेल तर तिला कापड गुंडाळून जाड करा. नाहीच जमलं तर मागं बसून, डोकं मांडीवर घेऊन आपण घासावं. रात्री औषध पाजल्यावर पाण्यानं तोंड पुसून घ्या. मिस्री लावू नका. दवाखान्यात फिटचा किंवा हृदयाचा आजार आणि चालू औषधं आधीच सांगा.

शाळांकडं तपासणीचा आकडा असतो. किती मुलं तपासली, हे कुणीही सांगेल. शाळा व्यवस्थापन समितीनं पुढचे दोन आकडे मागावेत. पटावरची किती दिव्यांग मुलं त्या दिवशी सुटली? आणि चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जणांचे दात खरोखर नीट झाले? हे आकडे विचारल्याशिवाय कुणी ठेवणार नाही.