दहा मिनिटांचं काम?

"मोतीबिंदू ना? हॅ, दहा मिनिटांचं काम! दुसऱ्या दिवशी पेपर वाचाल." मंडळी, हे वाक्य आता पुरे. नातेवाईकांनी, शेजाऱ्यांनी आणि डॉक्टरांनीसुद्धा ते बंद करावं.

ऑपरेशन चांगलंच आहे, वादच नाही. बहुतेकांना त्रासही होत नाही. पण आठवडा उलटून डोळ्यापुढचं धुकं जाईना, तेव्हा आमच्या मावशीला घरातून काय ऐकावं लागलं? "ड्रॉप नीट घातले नसतील", "डोळा चोळला असशील". दवाखान्यातून एकच उत्तर, "होईल कमी". का झालं, ते कोणी सांगेना!

कारण काही गुपित नाही. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो कॉर्नियातलं पाणी सतत उपसत असतो. या पेशी गेल्या की नव्या येत नाहीत, उरलेल्याच पसरून जागा भरतात. ऑपरेशनात काही पेशी जातातच. मग कॉर्निया सुजतो. सकाळी धूसर आणि दुपारी जरा बरं, हे या सुजेचं लक्षण, कारण मिटल्या पापणीखाली पाणी उडून जात नाही. बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत सूज उतरते. मावशीची दीड महिन्याने उतरली.

पण 'फुक्स डिस्ट्रॉफी'सारख्या आजारात पेशी मुळातच कमी असतात. तिथे सूज कायमची राहू शकते आणि तो थरच बदलावा लागतो. तो येतो नेत्रदानातून.

आणि ते "पिकू द्या अजून" सांगणारे! मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला अल्ट्रासाऊंडची ताकद जास्त, तितका कॉर्नियाला धोका जास्त.

म्हणून ऑपरेशनआधीच विचारा, "कॉर्निया कसा आहे?" शंका असेल तर स्पेक्युलर मायक्रोस्कोपीने पेशी मोजता येतात. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. तेवढी पेशंटला मिळायलाच हवीत, उपकार म्हणून नव्हे.

नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि नातेवाईकहो, दुसऱ्या दिवशी फोन करून "पेपर वाचला का?" विचारू नका. ड्रॉप घालायला घरी कोण आहे, ते विचारा.