अलंकार ओळखला, अर्थाचे काय?

सातवीच्या मुलाला इंग्रजी कवितेतली सिमिली, म्हणजे उपमा, शोधायला सांगितली, की तो ओळीचा अर्थ लावत बसत नाही. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ कुठे दिसतो ते पाहतो. युक्ती बहुतेक वेळा लागू पडते आणि गुणही मिळतात. पण ‘ही लुक्स लाइक हिज ब्रदर’ या वाक्यात ‘लाइक’ असूनही अलंकार नाही. भाऊ भावासारखा दिसतो ही नुसती माहिती झाली. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपमेच्या व्याख्येतच साधर्म्यासोबत भेदाची अट घातली, ती उगाच नाही. मराठी व्याकरणाच्या तासाला आपण उपमेय, उपमान आणि साधारणधर्म वेगळे काढायला लावतो. इंग्रजीच्या तासाला मात्र नाव सांगितले की काम संपते. साधारणधर्माचा शोध, म्हणजे समजण्याची मूळ क्रिया, तिथे गळून पडते.

ही क्रिया मुलांत टप्प्याटप्प्याने घडते. एलन विनर, रोझेनस्टील आणि हॉवर्ड गार्डनर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुढे एक वाक्य होते: तुरुंगाचा पहारेकरी कठीण खडक झाला होता. कुणाला वाटले, जादूने त्याचा खरोखर दगड झाला. कुणाला वाटले, तो दगडी भिंतींच्या तुरुंगात काम करत असेल. कुणी त्याचे स्नायू टणक ठरवले. मन निष्ठुर झाले, हा अर्थ सहसा मोठ्या मुलांनाच नीट लावता आला. शरीराच्या गुणावरून मनाच्या गुणाकडे जाणे ही अवघड उडी आहे, आणि आपले सहावी ते आठवीचे विद्यार्थी ती घेण्याच्या वयात आलेले असतात. अशा वेळी त्यांना ‘मेटाफर’ हा शब्द पाठ करायला लावण्यात काय हशील? ‘खडकाचा कोणता गुण इथे घ्यायचा आणि कोणता सोडायचा?’ हा प्रश्न त्यांना जास्त उपयोगी पडेल.

यावर पहिली हरकत परीक्षेची. अलंकाराचे नाव विचारले जाते, तर शिकवायचे नाही का? शिकवायचेच. नावामुळे चर्चा सोपी होते. फक्त ते अर्थाच्या मागून यावे. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: मराठी माध्यमाच्या मुलांकडे अर्थ उलगडून सांगण्याइतके इंग्रजी नसते. खरे आहे. पण विचार इंग्रजीतच झाला पाहिजे, असा नियम कुणी केला? साधारणधर्म मराठीत शोधू द्यावा, उत्तराचे वाक्य मग इंग्रजीत बांधावे. अडचण अनेकदा भाषेची नसून उपमानाच्या ओळखीची असते. इंग्रजी कवितेत काळे ढग बहुधा उदासी आणतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीला त्यात आशा दिसणार. तिचे उत्तर चूक ठरवून पुढे जाणे सोपे आहे. त्यापेक्षा कवितेतल्या आजूबाजूच्या ओळी तिच्या अर्थाला साथ देतात का, हे तिलाच तपासायला लावावे. यात वेळ जातो, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात दोनच ओळी होतील, हेही मान्य. मग घटक चाचणीत अलंकार ओळखण्याचे पाच प्रश्न कमी करून एकच ओळ द्यावी आणि विचारावे: यातल्या उपमानाचा कोणता गुण कवीला इथे नको आहे, आणि हे कोणत्या शब्दावरून कळते?