जैवभौतिकीच्या परिषदेत वैद्याचे आसन

जैवभौतिकीच्या परिषदेची विषयपत्रिका वैद्याच्या हाती पडली, तर ती बहुधा न वाचताच बाजूस ठेवली जाते. प्रथिनांची घडण, पेशीपटलाची लवचिकता, रेणूंच्या हालचालींचे मोजमाप असे विषय त्यात असतात. "यात आमचे काय?" असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे मत मात्र असे आहे की, अशा परिषदेच्या एका दिवसात वैद्याला व औषधनिर्मात्याला घेण्यासारखे पुष्कळ असते. मात्र तेथे प्रशस्तिपत्र मागावयास न जाता प्रश्न घेऊन गेले पाहिजे.

सजीव पदार्थाचा आकार, त्यावरील बल व त्याची गती यांचा भौतिकशास्त्राच्या साधनांनी अभ्यास करणे, हे या शास्त्राचे कार्य होय. आपल्या देशात त्याची परंपरा नवी नाही. भारतीय जैवभौतिकी संस्थेची स्थापना १९६५ साली झाली. त्यापूर्वीच, १९५४ साली, मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली होती. त्वचा, स्नायू, अस्थी यांना बळ देणारे हेच प्रथिन. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा टिकाऊपणाही त्याचाच. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या वस्तूविषयी "हिचे बळ नेमके कशात आहे?" असे विचारणे, ही या शास्त्राची रीत आहे. आपल्या खलबत्त्यातील व मुशीतील द्रव्यांविषयी हाच प्रश्न विचारण्यास कोणती हरकत आहे?

परिषदेचा दिवस साधारणतः ज्येष्ठ संशोधकांच्या व्याख्यानांनी सुरू होतो. पुढे लहान निबंधांचे वाचन होते आणि दुपारी भित्तिपत्रकांचे सत्र असते. तरुण संशोधक आपापल्या पत्रकापाशी उभे राहतात व जो येईल त्याच्या शंकांना उत्तरे देतात. वैद्याचे खरे आसन आम्हांस या सत्रात दिसते. तेथे मानापमानाचा प्रश्न नसतो, भाषणाची सक्ती नसते, आणि उपकरण काय दाखवते व काय दाखवू शकत नाही, हे ते हाताळणाऱ्याच्या तोंडूनच कळते.

या सत्रात कोणता प्रश्न न्यावा? आमच्या मते भस्मपरीक्षेचा. रसरत्नसमुच्चयादी ग्रंथांतील वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा प्रत्येक वैद्यास परिचित आहेत. स्थिर पाण्यावर भस्म तरंगते, याचे कारण पाण्याचा पृष्ठताण हे होय. कणाची त्रिज्या एकदशांश झाली की त्याचे वजन एकसहस्रांश होते, पण पृष्ठताणाचा आधार केवळ एकदशांशापर्यंतच उतरतो. म्हणून पाण्याहून जड द्रव्यही पुरेसे सूक्ष्म झाल्यावर तरंगू शकते. पूर्वाचार्यांनी कोणत्याही यंत्राविना सूक्ष्मतेची ही कसोटी योजिली, याचा अभिमान अवश्य बाळगावा.

परंतु येथेच थांबणे धोक्याचे आहे. शिवणाची सुई तुपाचे बोट लावून पाण्यावर अलगद आडवी ठेवली, तर तीही तरंगते. म्हणून ती लोहभस्म होत नाही. ओशट कण पाण्याने भिजत नाही व म्हणून सहज बुडत नाही. अर्थात वारितर परीक्षा सूक्ष्मतेविषयी व भिजण्याविषयी सांगते; धातूचे रूपांतर झाले की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठीच मित्रपंचकासह तापवून धातू पुन्हा प्रकट होतो का, हे पाहण्याची अपुनर्भव परीक्षा आणि रजतासह तापवून रजताचे वजन वाढते का, हे पाहण्याची निरुत्थ परीक्षा सांगितली आहे. शास्त्राने कसोट्यांची मालिका दिली असताना, कामाच्या घाईत पहिल्या दोन सोप्या परीक्षांवर भागविणे हे शास्त्राला धरून नाही.

आधुनिक उपकरणांनीही या विवेकास पुष्टीच दिली आहे. क्ष-किरण विवर्तनाने पाहता जसदभस्म हे मुख्यतः जस्ताचे ऑक्साइड असल्याचे दिसते. रससिंदूर हा पारदाचा सल्फाइड ठरतो. सुवर्णभस्मात मात्र अतिसूक्ष्म कणांच्या रूपातील सुवर्णच प्रामुख्याने आढळले आहे. 'भस्म' या एका संज्ञेखाली इतकी भिन्न द्रव्ये येत असताना सर्वांच्या निर्दोषतेचे एकच समर्थन कसे चालेल?

आज काही वेष्टनांवर व पत्रकांवर 'नॅनो' हा शब्द मोठ्या दिमाखाने छापला जातो. आमचे पूर्वज नॅनो तंत्रज्ञान जाणत होते, म्हणून औषध निर्धोक आहे, असा युक्तिवाद त्यामागे असतो. हा युक्तिवाद जैवभौतिकीच्या कोणत्याही सत्रात टिकणार नाही. कण सूक्ष्म झाला की त्याचे वजनाच्या मानाने पृष्ठफळ वाढते व त्याची क्रिया बदलू शकते. ती हितकर की अहितकर, हे केवळ आकारावरून ठरत नाही. सूक्ष्मतेने औषध दूर पोहोचत असेल, तर सदोष औषधही तितकेच दूर पोहोचेल.

याची किंमत आपल्या व्यवसायाने मोजली आहे. २००४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. पुढे १ जानेवारी २००६ पासून केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी भारत शासनाने सक्तीची केली. वनस्पतिज औषधांत दहा लाख भागांमागे शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग या मर्यादा आज सर्वज्ञात आहेत. रसौषधींत धातू हा मूळ घटकच असल्याने तेथे या आकड्यांनी निवाडा होत नाही. तेथे धातू कोणत्या रूपात आहे, त्यात मुक्त अंश किती व मात्रा काय, हे दाखवावे लागते. म्हणजे जबाबदारी अधिक आहे, उणी नव्हे.

यास्तव आमची सूचना साधी आहे. राजारामपुरीतील वैद्यांपासून शिवाजी विद्यापीठ फार दूर नाही. तेथील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांशी आपल्या संघाने नियमित संपर्क ठेवावा. प्रत्येक औषधनिर्मात्याने दर घाण्याचा थोडा नमुना मोहोरबंद करून ठेवावा. मूळ धातू, शोधनाचे द्रव्य, पुटांची संख्या व तारीख यांची नोंद त्यासोबत असावी. अशा नोंदीविना दिलेल्या नमुन्यावर उत्तम उपकरणही उपयोगाचे उत्तर देऊ शकत नाही. कारण कोणत्या कृतीने कोणता बदल झाला, हेच कळत नाही. वैद्यांनीही रसौषधी देताना घाण्याचा क्रमांक रुग्णपत्रिकेत टिपावा. रुग्णास पुढे वृक्कविकार उद्भवला, तर औषधाकडे बोट दाखविणाऱ्यास आणि औषधाचा बचाव करणाऱ्यास, दोघांसही त्या एका नोंदीचाच आधार राहील.

निष्कर्ष प्रतिकूल आले तर काय, अशी शंका काही बंधू घेतील. तसे झाल्यास तो घाणा विक्रीस जाऊ नये, इतकेच. अपुनर्भव परीक्षेत धातू प्रकट झाला, तर पुन्हा पुट द्यावे, हा दंडक आपल्याच ग्रंथांचा आहे; विद्यापीठाच्या अहवालासही तोच लावावा. पुढील परिषदेची विषयपत्रिका येईल, तेव्हा नोंदवही व मोहोरबंद नमुने घेऊन आपल्यापैकी दोघे-चौघे तरी त्या दुपारच्या सत्रास उपस्थित राहतील, अशी आम्ही अपेक्षा करतो.